जुलैचा शेवटचा शब्बाथ

न्यू बोल्सवर्ड, आयोवा
६ मे २००५

प्रिय रींक,

'प्रिय' लिहावं की नाही, यावर दोन कागद फुकट गेले. शेवटी म्हटलं, लिहून टाकावं. खोडायचं असेल तर तू खोड.

डिसेंबरात तुझं नाताळचं कार्ड आलं. दरवर्षी लॉर्नाच्या गोल गोल अक्षरात 'लॉर्ना आणि रींक' असं यायचं. यंदा तुझं अक्षर. 'लॉर्ना नोव्हेंबरात गेली. कार्डं तिची होती. यादी सापडली म्हणून पाठवतोय.' तीन वाक्यं! मी ती उभ्यानेच वाचली आणि मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. तुझ्या बायकोला मी एकदाही भेटले नाही, पण तिची अडतीस कार्डं माझ्या कपाटात आहेत.

फोन करणार होते. पण लॉर्नानेच मागे कळवलं होतं की धान्याच्या कोठारातल्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले, फोनवर तू नुसता 'काय? काय?' करतोस. त्रेचाळीस वर्षांनी भावाच्या तोंडचा पहिला शब्द 'काय?' असावा, हे मला नको आहे. म्हणून पत्र.

आता बातमी. मी सायकलवर बसले आहे. हस पोटभर. पंचावन्न वर्षांची, चर्चमधल्या ऑर्गनच्या बाकावर बसून बसून रुंद झालेली तुझी बहीण या उन्हाळ्यात सिअॅटलच्या समुद्रापासून न्यू जर्सीच्या समुद्रापर्यंत सायकल मारणार आहे. आपल्या चर्चच्या मंडळींनी निराधारांच्या मदतीसाठी ही मोहीम काढली आहे. दीडशे माणसं, नऊ आठवडे. सहा दिवस चालवायची, सातव्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही.

जुलैच्या शेवटच्या शब्बाथला आमचा मुक्काम मिलर्स बेंडच्या शाळेच्या मैदानात आहे. नकाशात बोट ठेवून पाहिलं, तुझ्या घरापासून चौतीस मैल. त्या विसाव्याच्या दिवशी मी सायकल काढणार नाही, हे तुला सांगायला नको. तू येशील का? सकाळी अकराला, मैदानात. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती कागदावर लिहिण्याजोगी नाही.

हाइत काय म्हणायचे आठवतं? शेजारचा डर्क शब्बाथच्या दिवशी ओट कापायला निघाला की आपल्याला हाक मारून सांगायचा, "काय करणार, बैल विहिरीत पडलाय!" कारण विहिरीत पडलेला बैल काढायला त्या दिवशीही मुभा असते. आणि हाइत म्हणायचे, "डर्कचा बैल दर आठवड्याला पडतो. त्याने एकतर बैल विकावा, नाहीतर विहीर बुजवावी."

बापाला हाइत आणि आईला मेम म्हणणारी आपण डच मुलखातून आलेल्या फ्रिशियन घरातली पोरं. हे दोन शब्द ऐकून मान वर करणारं तुझ्याशिवाय माझं आता कोणी उरलेलं नाही. ये रे.

तुझी,
अलीडा

•

डॅनफर्थ, नेब्रास्का
२१ मे

अलीडा,

पत्र मिळालं. काही खोडलं नाही.

सायकल कुठली घेतलीस ते लिहिलं नाहीस. साखळीला दर शंभर मैलांनी तेल घाल आणि वरचं पुसून काढ. पुसायचं सगळे विसरतात, मग धूळ बसते. खोगीर उंच ठेवू नकोस. बायका उंच ठेवतात आणि मग गुडघे धरून बसतात.

दिवस तू बरा निवडलास. लॉर्नाला आवडलं असतं. हल्ली रविवारीसुद्धा पंप दुरुस्तीला जावं लागतं, मक्याला पाणी चालू असतं, शेतकरी ऐकत नाहीत. पण त्या दिवशी मी मोकळा आहे. येईन. अकराला.

सांगायचं आहे ते मेमबद्दल असेल तर राहू दे. मी सायकलच्या शर्यतीला जाणार हे घरात फक्त तिला ठाऊक होतं. तिनेच शिदोरी बांधून दिली आणि तिनेच हाइतना सांगितलं. एका हाताने भाकर आणि दुसऱ्या हाताने सुरी. ते माझं मी गिळलं आहे. तू मध्यस्थी करायला येणार असलीस तर चौतीस मैल मला जड होतील. नुसती भेटायला येत असलीस तर नाही.

रींक

•

आयडाहो
१० जुलै

प्रिय रींक,

तेल घातलं. पुसलंही. खोगीर मात्र मला जिथे बरं वाटतं तिथेच आहे, तू आधी येऊन बघ आणि मग बोल.

तुझ्या पंपांबद्दल मी काही बोलत नाही. हाइत असते तर बोलले असते, आणि बोलून झाल्यावर परत पहिल्यापासून बोलले असते. त्या एका दिवशी तू मोकळा होणार, एवढं मला पुरे आहे.

आमचं बरं चाललंय. बसायच्या जागेची जी दशा झालीय ती भावाला लिहिण्यासारखी नाही. इथलं ऊन म्हणजे सरळ चुलीतून आलेलं. काल डोंगर चढताना मी उतरून सायकल ढकलत होते, तर एक ऐंशीला टेकलेला म्हातारा शीळ घालत पुढे गेला आणि म्हणाला, "बाई, तिला फिरायला न्यायचं नसतं, तिच्यावर बसायचं असतं!" संध्याकाळी त्यानेच माझा तंबू लावून दिला, म्हणून सोडून दिलं.

विसाव्याच्या दिवशी काय चालतं आणि काय नाही, यावर इथे रोज खल होतो. धुणं चालत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी सगळे धुवायला बसतात आणि कुंपणभर आमच्या चड्ड्या. पंक्चर काढावं की नाही यावर दोन गट आहेत. आमचे पाळक बाउवेन्स म्हणतात, "हवा आपोआप गेली तर देवाची इच्छा, आपोआप भरली तर चमत्कार." मी तिथे नुसती पाय वर करून पडते. आयुष्यात पहिल्यांदा विसाव्याचा दिवस मला खरंच विसाव्याचा वाटतोय. एरवी दोन वेळच्या उपासनेला ऑर्गन वाजवून माझाच त्या दिवशी भुगा व्हायचा.

मेमबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. भेटल्यावर बोलू. मुक्कामांची यादी सोबत जोडली आहे. शनिवारी आमचं टपाल येतं.

तीन आठवडे राहिले, रींक. मी रोज मोजते.

अलीडा

•

डॅनफर्थ
शनिवार, ३० जुलै, दुपारी चार

अलीडा,

ही चिठ्ठी तुझ्या आयोवाच्या मुक्कामी पाठवतोय. तोवर मी शांत झालो असेन. आत्ता नाही.

सकाळी दाढी केली. लॉर्नाच्या दोन घडीच्या खुर्च्या गाडीत टाकल्या. रस्त्यात एक कलिंगड घेतलं, मोठं, कारण सायकलवाल्यांना तहान असते. पावणेअकराला शाळेच्या मैदानात हजर. 'सायकलस्वारांचे स्वागत' असा कापडी फलक लावलेला होता, म्हणजे जागा तीच. पण माणूस नाही, तंबू नाही, चाकाचा मागमूस नाही. नुसता गवतावर पाण्याचा फवारा फिरत होता.

मोठ्या कॉटनवुडच्या झाडाखाली दोन्ही खुर्च्या मांडल्या. एकीवर बसलो. बारा वाजले, एक वाजला. समोरच्या घरातली म्हातारी येऊन विचारून गेली, "कोणाची वाट बघता?" मी म्हणालो, बहिणीची. ती आणखी काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. दोन वाजता खुर्च्या आवरल्या.

तुला यायचं नव्हतं तर एवढं लिहायचं कशाला? शब्बाथच्या दिवशी मी लॉर्नाच्या कबरीवर जातो. आज ते सोडून आलो होतो.

कलिंगड झाडाखालीच ठेवलं. कुत्र्यांनी खाल्लं तर खाल्लं. परत आणायला नको वाटलं.

रींक

•

मिलर्स बेंड, नेब्रास्का
रविवार, ३१ जुलै

प्रिय रींक,

दुपारचे तीन वाजलेत. सकाळची उपासना आटोपून मी साडेदहापासून मैदानाच्या फाटकाशी बसले आहे. अंगावर माझा एकुलता एक झगा आहे. तो मी सिअॅटलपासून पिशवीच्या तळाशी आजच्यासाठी जपून आणला, आणि सुरकुत्या तशाच आहेत, कारण इस्त्री म्हणजे काम.

तू आला नाहीस.

इथे सगळे विसावा घेताहेत. कोणी गवतावर टोपी तोंडावर घेऊन झोपलंय, कोणी घरी पत्र लिहितंय. गावातल्या चर्चच्या बायकांनी हॅम घातलेले पाव आणि बटाट्याची कोशिंबीर आणली, फळांचं सारण भरून भाजलेल्या 'पाय'च्या तर परातीच्या पराती. काल संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा तर झाडाखाली एक भलंमोठं कलिंगड आमची वाट बघत होतं. ठेवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. आठ जणांनी ते कापून खाल्लं. एवढं गोड कलिंगड मी जन्मात खाल्लेलं नाही. पाळकांनी ठेवणाऱ्यासाठी प्रार्थनाही केली.

दर मोटारीला मी उठून उभी राहतेय. आता एक मुलगी येऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा, आम्ही लक्ष ठेवतो. दिसायला कसे आहेत ते?" मला सांगता येईना. मला एकोणीस वर्षांचा, निळ्या सायकलवरचा तूच ठाऊक आहेस.

तू आला नाहीस, तो तुझा हक्क आहे. पण जे सांगायचं होतं ते मी आज सांगणार, कागदावर तर कागदावर. परत धीर व्हायचा नाही.

हाइतना मेमने सांगितलं नाही. मी सांगितलं.

मी बारा वर्षांची होते. जिन्यावरून पाहिलं, पहाटे मेमने फडक्यात पाव, चीज आणि उकडलेलं अंडं बांधून तुला दिलं आणि तुझी कॉलर सरळ केली. तू माझ्या जवळून जाताना साधं 'येतो' म्हणाला नाहीस. मेमने हाइतना सांगितलं होतं की तू डर्ककडे गाय विते म्हणून गेलास. चर्चमध्ये बाकावर बसलो. तुझी जागा रिकामी. हाइत माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "गाय कोणती गं?" आणि मी म्हणाले, "गाय नाही, शर्यत आहे. शहरात." एवढंच. हाइतनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून मला दिली. प्रवचनाला ते दोनच गोळ्या आणायचे, एक स्वतःला, एक मेमला. त्या दिवशी स्वतःची मला दिली. मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! त्यानंतर आजवर पेपरमिंट माझ्या तोंडात गेलेलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. रविवारी विहिरीचं झाकण उचलणं म्हणजे काम, म्हणून हाइत सोमवार उजाडेपर्यंत थांबले आणि मग तुझी सायकल जुन्या विहिरीत टाकली. तू पायी घर सोडून गेलास.

मेमला ठाऊक होतं मी सांगितलं ते. तिने मला कधी विचारलं नाही, आणि तुझा संशय तिच्यावर आहे हे कळल्यावरही तिने तोंड उघडलं नाही. लॉर्नाने एका कार्डात लिहिलं होतं, 'तो म्हणतो आईने त्याला दगा दिला.' ते मी मेमला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "राहू दे. त्याला कोणावर तरी रागावायचं आहे, माझ्यावर रागावू दे. तू लहान आहेस." मी लहान नव्हते रे. तेव्हा मी वीस वर्षांची होते. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, ती मेम गेली तरी सुटली नाही.

तू तिच्या दफनाला आला नाहीस, त्याचं कारण मी आहे.

क्षमा कर म्हणायला समोर येणार होते. कागदावर तो शब्द फार स्वस्त दिसतो, म्हणून लिहीत नाही.

चार वाजले. मी अजून फाटकाशीच आहे.

अलीडा

•

डॅनफर्थ
बुधवार, ३ ऑगस्ट

अलीडा,

कलिंगड माझं होतं.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वरच्या कोपऱ्यातला 'रविवार' दिसला. मग गाडीत जाऊन बसलो आणि एकटाच हसलो. हसू थांबलं तेव्हा हसत होतो की काय करत होतो ते सांगता यायचं नाही.

मी शनिवारी आलो होतो. लॉर्नाच्या चर्चच्या मंडळींचा शब्बाथ शनिवारी असतो, सातव्या दिवशी. चाळीस वर्षं तो शब्द मी तिच्याच तोंडून ऐकला. आपल्या घरी तो रविवारचा होता, हे माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. तू लिहिलंस, सातव्या दिवशी विसावा. मला वाटलं, बहिणीने मुद्दाम लॉर्नाचा दिवस धरला. मोठं मन केलं. मैदानासमोरच्या त्या म्हातारीला मी बहिणीची वाट बघतोय म्हणालो. ती बहुधा 'ते संध्याकाळी येणार आहेत' असं ओरडत होती.

शनिवारी रागावून लिहिलेली चिठ्ठी तुला याच टपालात मिळेल. ती फाडून टाक.

आता दुसरं. याची तीन पानं लिहिली आणि तिन्ही फाडली, म्हणून थोडक्यात लिहितो.

तू बारा वर्षांची होतीस त्याबद्दल माझा राग नाही. बापाने विचारलं, पोरीने खरं सांगितलं. गोळी दिली, खाल्ली. त्यात काय आहे? पण १९७४ साली तू चोवीस वर्षांची होतीस. मेम फेब्रुवारीत अंथरुणाला खिळली आणि मार्चात गेली, असं लॉर्ना म्हणाली होती. तेव्हा फक्त एक टपालाचं तिकीट लागलं असतं, अलीडा. मी निघालो असतो. लॉर्ना म्हणत होती जा, आणि मी गॅरेजमध्ये जाऊन कोणाचा तरी पंप खोलून बसलो. आईला माती दिली जात होती तेव्हा मी एका पंपाचे नट मोजत होतो. ते आता कुठे फेडू?

तुझा पुढचा मुक्काम न्यू बोल्सवर्डपासून एकोणतीस मैलांवर आहे, यादीत पाहिलं. रविवारी, ७ ऑगस्टला, सकाळी अकरा वाजता मी मेमच्या कबरीपाशी असेन. वार नीट वाच. रविवार. तुमचा.

यायचं असेल तर ये. पण एक अट आहे. मोटारीने यायचं नाही. सायकलवर ये. चर्चसमोरच्या रस्त्याने.

जमणार नसेल तर समजेन. तरी मी तिथे असेन, कारण मला मेमला भेटायचं आहे.

रींक

•

पूर्व आयोवा
मंगळवार, ९ ऑगस्ट

प्रिय रींक,

परवा तुला सगळं सांगता आलं नाही. तुझ्या कानात ओरडून सांगावं लागलं असतं, आणि मेमसमोर मला एकदाच्या वर ओरडायचं नव्हतं. म्हणून लिहिते.

शनिवारी टपालात तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. आधी रागाचं उघडलं. कलिंगडापर्यंत आले आणि मला हुंदकाच फुटला. तंबूतली बाई घाबरली, तिला वाटलं कोणी गेलं. मग दुसरं वाचलं. हसू आलं, आणि मग ते तिकिटाचं वाक्य आलं. ते बरोबर आहे. मी सबबी शोधल्या, चोवीस वर्षांची पोर, हाइतचा धाक, अमुक आणि तमुक. एकही टिकली नाही.

पण अट वाचून मला तुझा रागही आला बरं का. तो रस्ता, ती वेळ! मी पस्तीस वर्षं त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. लहान पोरांना शिकवते की रविवारी चेंडूसुद्धा खेळू नये. माझ्या माणसांच्या देखत, उपासना चालू असताना, घट्ट चड्डी घालून सायकलवरून जायचं? मंडळीतली एखादी बाई मोटार घेऊन मला न्यायला सहज आली असती. रात्र कशी काढली ते माझं मला माहीत.

सकाळी सहाला पाळक बाउवेन्सकडे गेले. ते काळा कोट घालून प्रवचनाचे कागद लावत होते. मी म्हणाले, "मी आज सायकल काढतेय."

"का?"

"बैल विहिरीत पडलाय."

ते चष्म्यावरून बघत राहिले. "कधी पडला?"

"त्रेचाळीस वर्षं झाली."

"अरे देवा," म्हणाले, "मग अजून जिवंत आहे का तो?"

"तेच बघायला चाललेय."

त्यांनी कागद बाजूला ठेवले. माझ्या मागोमाग आले, चाकं दाबून पाहिली, आणि पंप घेऊन स्वतः हवा भरली. रविवारी, काळा कोट घालून, आख्ख्या छावणीच्या देखत! पंक्चरवाले दोन्ही गट आ वासून बघत होते.

एकोणतीस मैल, आणि सगळा वारा तोंडावर. देव अगदीच काही माझ्या बाजूने नव्हता. गावात शिरले तेव्हा पावणेअकरा. चर्चच्या खिडक्या उघड्या, गीत चालू होतं. माझ्या जागी बसवलेली पोरगी ते इतकं रेंगाळत वाजवत होती की मला सायकलवरून हाक मारावीशी वाटली, अगं, पाय उचल! दारात चर्चच्या पंचांची बायको उशिरा आल्यामुळे ताटकळत उभी होती. तिने मला पाहिलं. मी हात केला. ती अजून तिथेच उभी असेल, तोंड उघडं ठेवून.

आपल्या जुन्या घरावरून गेले. विहिरीचं झाकण आहे तसंच आहे. तिथे मात्र मी पाय टेकला नाही.

मग तू दिसलास. पांढऱ्या केसांचा म्हातारा, मेमच्या कबरीपाशी, दोन खुर्च्या मांडून. मी ओळखलं कशावरून सांगू? तुझी कॉलर एका बाजूला मुडपलेली होती.

सिअॅटलपासून मी वाक्य पाठ करत आले होते. ते सगळं विसरले, नुसतं "मला क्षमा कर" म्हणाले. आणि तू म्हणालास, "काय?"

त्रेचाळीस वर्षांनी पहिला शब्द! जे नको होतं तेच. मग मला छातीत हवा भरून ओरडावं लागलं, "मला क्षमा कर, रींक! मी सांगितलं होतं! मेमने नाही!" कुंपणापलीकडच्या गाईंनी माना वर केल्या. चर्चमधलं गीत नेमकं तेव्हाच संपलं होतं, म्हणजे मंडळीनेही ऐकलं असणार. आता गावात कोणाला काही वेगळं सांगायचं उरलं नाही.

तू माझ्या सायकलभोवती एक फेरी मारलीस, "खोगीर उंच आहे" म्हणालास, आणि गाडीतून पाना आणून ते खाली केलंस. तुला रविवारी पाना उचलायची मुभा आहे. मी मेमच्या दगडाला हात लावून बसून राहिले आणि तू नट आवळत होतास. मग आपण दोघं खुर्च्यांवर बसलो, आणि तू कलिंगड कापलंस.

तू मला उत्तर दिलं नाहीस, आणि मी ते मागत नाही. तू आलास, हे माझ्यासाठी खूप आहे.

कालपासून गुडघा दुखायचा थांबलाय. चिडवू नकोस.

तुझी,
अलीडा

•

डॅनफर्थ
१५ ऑगस्ट

प्रिय लीडा,

हे पत्र तुला मिशिगनच्या मुक्कामी मिळेल. साखळी पुसत जा. पाहिली मी, वरून नुसतं तेल आहे.

मी रविवारी संध्याकाळपर्यंत मेमपाशी होतो. तू गेल्यावर लॉर्नाबद्दल सांगितलं तिला, पंपाबद्दलही सांगितलं. पंचांची बायको येऊन गेली. मला वाटलं भांडायला आली, पण तिने सफरचंदाच्या 'पाय'चा तुकडा आणला होता. कोण कुठला विचारलं. मी म्हणालो, हिचा मुलगा.

सोमवारी आपल्या घरी गेलो. हल्ली राहतात ती तरुण माणसं चांगली आहेत. विहीर कधीच बुजवली म्हणाली, नुसतं झाकण शोभेला ठेवलंय. म्हणजे सायकल काही आता निघत नाही. मी घरी येऊन दुसरी बघून ठेवली आहे. निळी मिळाली नाही, हिरवी आहे.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला इकडे ये. लॉर्ना गेल्यावर पहिल्यांदाच मांडतोय, आणि टर्की मला एकट्याला संपणार नाही. तो दिवस तुमच्याकडेही गुरुवारी आणि लॉर्नाच्या मंडळींकडेही गुरुवारीच असतो. मी दोन्हीकडे विचारून खात्री केली आहे.

तुझा,
रींक

ता. क. त्या दिवशी मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. मेमलाही ऐकू जावं, म्हणून 'काय?' म्हणालो.